दोघांत मिळून एक सूट

१९ जानेवारी

चि. बारक्यास,
दादाचे अ. उ. आ.

सूट आज सकाळी पार्सलने रवाना केला. खोक्यात वर कोट, खाली पँट आणि मध्ये तुझ्या वहिनीने घातलेलं जुनं वर्तमानपत्र आहे. वर्तमानपत्र परत पाठवू नकोस. गेल्या वेळी तू तेही घडी करून पाठवलं होतंस.

आमच्या तिकीटघराचा वार्षिक समारंभ पार पडला. मी खिडकीमागचा माणूस. धक्क्यावर बोटीसाठी येणाऱ्या लोकांना वर्षभर माझा चेहरा आणि दोन हात दिसतात, या एका दिवशी मी पूर्ण दिसतो. सूट अगदी शिवला त्या दिवशी बसला होता तसाच बसला. आमचे कप्तान म्हणाले की असं काम करणारे शिंपी आता राहिले नाहीत. मी म्हटलं, आहेत, घरी आहेत, फक्त त्यांना दिसत नाही.

वीस वर्षं झाली बघ. बाबांची नजर जायला लागली होती आणि आपण दोघं तेव्हा एका मापाचे होतो. एकच सूट होईल माझ्याच्याने, दोघांत मिळून वापरा, आणि परक्या माणसाची सुई याला लागता कामा नये, एवढं बोलून त्यांनी कापड मशीनवर घेतलं. त्यानंतर त्यांनी काही शिवलं नाही. वीस वर्षं खोकं इकडून तिकडे जातंय, पण कुणाचं काही अडलं नाही.

आता मुख्य बातमी. ठमीचं लग्न नोव्हेंबरात ठरलं. बाबा येणार आहेत. चिमीकडून त्यांनी कळवलंय की डोळे गेले तरी हात शाबूत आहेत, मुलीच्या बापाला सूट कसा बसलाय ते मी स्वतः चाचपून बघणार. तेव्हा त्या दिवशी सूट माझा. तू तुझा राखाडी कोट घाल. तुझ्याकडे तसंही कुणी बघणार नाही.

लोभ आहेच, या खोक्यात घातलेला नाही इतकंच.
तुझा,
दादा


१९ जानेवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि. वि.

बारक्याला आत्ताच पत्र टाकलं. त्यात सूट बसला असं लिहिलंय ते खोटं आहे. पँटचं हूक आणि काज यांच्यात एवढं अंतर पडलं की दोघं एकमेकांना ओळख दाखवेनात. कोटाचं बटण लागलं, पण मग मला बोलता येईना.

समारंभाला दोन तास उरले होते. धक्क्याच्या जिन्याखाली एक शिंपी बसतो, तो शिडं आणि ताडपत्र्या शिवतो. त्याच्याकडे गेलो. त्याने कोट आणि पँट दोन्ही दोन-दोन बोटं सैल करून दिलं आणि विचारलं की वाऱ्यात वापरायचंय का. मी नाही म्हटलं.

तुला शपथ आहे, हे बाबांना सांगू नकोस. बारक्यालाही नको, त्याच्या पोटात काही राहत नाही. मला सारखं एकच दिसतं, ठमीच्या लग्नात बाबांचा हात माझ्या पाठीवरून खाली येतोय आणि कमरेपाशी थांबतोय. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलं काय, तर हा एक सूट सांभाळ. तेवढंही जमलं नाही हे त्यांच्या बोटांना कळायला नको.

उपाय सुरू केलाय. आमच्या हिशेब विभागातल्या बाईंनी कोबीचं सूप सांगितलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेच. चार दिवसांत फरक जाणवतो म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी घरातल्यांना जाणवला, त्यांनी खिडक्या उघडल्या. नोव्हेंबरपर्यंत पूर्वीसारखा होतो, त्याच शिंप्याकडून दोन बोटं आत घेतो, आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

बाबांना नमस्कार सांग. तो सांगायला हरकत नाही.
तुझा,
दादा


१२ मार्च

ती. स्व. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

दादाला कार्ड टाकलं की सूट चपखल बसला. आता चिमीताई, तुला खरं लिहितो.

परवा आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. मी व्हायोलाच्या रांगेत तिसरा. वाजवायचं बसून असतं, म्हणून निभावलं. पण कार्यक्रम नको तेवढा रंगला. लोकांनी उभं राहून टाळ्या सुरू केल्या आणि संचालकांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. माझ्या एका हातात व्हायोला, दुसऱ्या हातात गज आणि पँट खाली निघालेली. दोन्ही कोपरांनी ती धरून मी वाकलो. संचालकांनी तीनदा उभं केलं. एवढ्या टाळ्या आम्हाला जन्मात मिळाल्या नव्हत्या आणि मी देवाला म्हणत होतो, बस कर.

ताई, मी वाळत चाललोय. वीस वर्षं जो सूट अंगाला चिकटून बसायचा तो आता खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती ऐकली, जीभ बघितली आणि तुम्ही ठणठणीत आहात म्हणाले. ठणठणीत माणूस दोन बोटं कमी होतो म्हणजे दुखणं फार खोलवर असणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्यक्रम होता, तेव्हा हिनेच सूट दोन बोटं आत घेतला. खुराकही सुरू केलाय. केळी, उकडलेली अंडी, लोणी थापलेला पाव, आणि झोपताना दुधात काहीतरी कालवून देते. काय ते विचारायचं नाही अशी अट आहे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस, त्यांची सुईची ताकीद आहे. दादालाही नको. लग्नाच्या धावपळीत त्याला माझी काळजी कशाला?

असाच जीव लाव, किती दिवस लावायचाय कोण जाणे.
तुझा,
बारक्या


२८ एप्रिल

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि. वि.

कोबी सोडला. कारण ऐक. औषधाच्या दुकानातला काटा म्हणत होता की मी चांगला चार किलो उतरलो. मी खूश. मग कप्तानांच्या निवृत्तीच्या समारंभासाठी बारक्याकडून सूट आला. घालून बघतो तर जानेवारीत सैल केलेलं असूनही हूक लागेना! म्हणजे काटा खोटा. बाबांच्या हातचा सूट काही खोटं बोलणार नाही. मी दुकानदाराला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला काटा गेल्याच आठवड्यात तपासून घेतलाय. मी म्हटलं, पुन्हा घ्या.

शिडांच्या शिंप्याकडे परत गेलो. या वेळी तीन बोटं. त्याने माप दोनदा घेतलं.

आता कडक उपाय. दिवसातून एकदा फळं, बाकी पाणी. परवा खिडकीत बसलो असताना एक चाळीस जणांची सहल आली. मी सगळ्यांना परतीची तिकिटं दिली, जायची दिलीच नाहीत. पलीकडून परत यायचा त्यांना पूर्ण अधिकार होता, पण जायचा नव्हता. बरीच आरडाओरड झाली. ती मिटवायला बाहेर आलो आणि धक्क्याच्या कडेला मला अंधारी आली. एका हमालाने दंड धरला म्हणून बरं.

घरी आलो आणि कपडेही न बदलता, उभ्या उभ्या, अख्खा पाव आणि अर्धा केक खाल्ला. मग राहिलेला अर्धाही खाल्ला. दिवस बिघडलाच होता, केक कशाला ठेवायचा? उद्यापासून पुन्हा फळं. तुझी वहिनी बोलत नाही. ठमी म्हणते, बाबा, लग्न पुढे ढकलू का? मी हसलो, पण चिमे, मला रडू येत होतं.

बाबांना काही बोलू नकोस.
तुझा,
दादा


२० मे

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

दादाकडून सूट आला. मी अडीच किलो वाढलोय, पोट दिसायला लागलंय, शेजारचे विचारतात की काय खाता, आणि सूट पूर्वीपेक्षाही सैल! हिने तीन बोटं आत घेतला. डॉक्टरांकडे तिसऱ्यांदा गेलो. त्यांनी मला बघून दिवाच मालवला.

आता नक्की आहे, ताई. वाढतोय ती नुसती सूज असेल. ठमीच्या लग्नाला येईन, पण बसायला खुर्ची कडेची ठेवा. माझा व्हायोला शाळेतल्या संगीताच्या वर्गाला द्या.

तुझा,
बारक्या


२ जून

ती. स्व. दादास सा. न. व चि. बारक्यास अ. उ. आ. वि. वि.

हे एकच पत्र दोघांना आहे, खाली कार्बन लावलाय.

तुम्ही दोघांनी मला शपथा घातल्या की बाबांना सांगू नकोस. मी बाबांना अवाक्षर सांगितलेलं नाही. पण त्यांना दिसेनासं झाल्यापासून घरात येणारं प्रत्येक पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, विजेचं बिलसुद्धा. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्याप्रमाणे वाचलं. 'बाबांना सांगू नकोस' हेही वाचलं. बाबा म्हणाले, बरं, नको सांगूस, पुढे वाच.

आता नीट ऐका. दादाने सूट सैल केला. तो बारक्याला ढगळ झाला म्हणून त्याने घट्ट केला. तो दादाला लागेना म्हणून त्याने सैल केला. तो बारक्याला ढगळ झाला. दादा, काटा खरा होता, दुकानदाराची माफी माग. बारक्या, तुला काहीही झालेलं नाही, पाव खाली ठेव. डॉक्टरांचीही माफी माग.

मी आधीच का नाही सांगितलं? पहिल्या फेरीला बाबा इतके हसले की खुर्ची हलत होती. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. आणखी एक फेरी होऊ दे म्हणाले, कापड टिकेल. म्हणून मी गप्प बसले. पण दादा, धक्क्याच्या कडेला तुला अंधारी आली ते वाचलं तेव्हा ते हसले नाहीत. आधी पाणी मागितलं, मग ते पत्र परत वाचायला लावलं. बारक्याचं पत्र आल्यावर मात्र म्हणाले, कागद घे. आता पुढचं सगळं त्यांचं.

"चि. थोरल्यास व धाकट्यास अनेक आशीर्वाद. धाकट्या, सूट उलट टपाली माझ्याकडे पाठव. लग्नाच्या दिवशी मीच घेऊन येईन, तोवर कुणी मागू नये.

थोरल्या, समारंभासाठी बारीक होणारी गिऱ्हाइकं मी जन्मभर पाहिली. महिनाभर उपाशी राहायचं, ऐटीत घट्ट माप द्यायचं, आणि समारंभाचे फोटो धुऊन येतात न येतात तोच तेच कपडे काखेत मारून सैल करायला माझ्याकडे. मी काही बोलायचो नाही, त्यावर माझं घर चालायचं. ज्यांचं माप वर्षानुवर्षं हललं नाही, ती माणसं मात्र वेगळं काहीच करत नसत. विचारलं तर त्यांना सांगताही यायचं नाही. कामावर चालत जायची, बसून जेवायची, पोट भरलं की उठायची. आपण काही करतोय हे त्यांच्या ध्यानीमनी नसायचं.

तेव्हा सूप बंद, फळं जेवणानंतर. काट्याच्या वाटेला जाऊ नकोस. वेळच्या वेळी ताटात वाढून घेऊन जेव. घरापासून धक्क्यापर्यंत बसने जातोस ते चालत जा. एवढी एकच गोष्ट. ती इतकी अंगवळणी पडू दे की तिचा कंटाळासुद्धा येणार नाही. मग दुसरी विचार, सांगेन." (एकच म्हणून दोन-तीन सांगितल्या हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले जेवण ही काही गोष्ट नाही, ते करायचंच असतं. — चिमी)

तुम्हा दोघांवरचा माझा लोभ या घडीला थोडा कमी आहे, भरून येईल.
चिमी


९ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र मिळालं. मला कार्बनची प्रत आली, पुसट होती, पण जे कळायचं ते नेमकं गडद उठलं होतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी माफी स्वीकारली आणि आता पोट कमी करा म्हणाले. हिने दुधात काय कालवत होती ते अजून सांगितलेलं नाही. म्हणते, उपयोग झाला ना.

दादा, एक गोष्ट मात्र मनाला लागली. मला खरंच वाटत होतं की मी चाललो, आणि तुला कार्ड टाकलं की सूट चपखल बसला. तू तिकडे अंधारी येऊन पाण्याच्या कडेला उभा, आणि तुझंही पत्र तेच, सूट छान बसला. वीस वर्षं आपण एकमेकांना हेच एक वाक्य पाठवतोय का रे? यापुढे मला काही दुखलं तर तुला आधी लिहीन. तूही लिही. अगदीच काही नसलं तर पावसाचं लिही.

सूट बाबांकडे पाठवला. वर्तमानपत्रासकट.
तुझा,
बारक्या


३ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चालतोय. सुरुवातीला दोन-तीनदा उशीर झाला आणि पहिली बोट माझ्याशिवाय तिकिटं फाडून गेली. आता वेळेत पोचतो. वाटेत एक दोरखंडवाला, एक शाळा आणि सतत भुंकणारा एक कुत्रा लागतो. कुत्रा आता भुंकत नाही, त्यालाही सवय झाली असावी.

जुलैत तुम्ही बिस्किटांच्या डब्याचं सांगितलंत. तो खिडकीतून उचलून पलीकडच्या कपाटावर ठेवला. बिस्किटं सोडलेली नाहीत. पण त्यासाठी उठावं लागतं, आणि मी उठलो की हमखास खिडकीवर कुणीतरी येतं. ऑगस्टपासून जेवण टेबलाशी बसून, हिच्याबरोबर. तेव्हा कळलं की ही रोज काही ना काही सांगत असते. पूर्वी मी ओट्यापाशी उभा राहून भांड्यातलं पुसून खायचो, तेव्हाही सांगत असणार.

हिशेबातल्या बाईंनी विचारलं की सध्या कुठलं डाएट चालू आहे. काहीच नाही म्हटलं. त्यांना वाटतं मी लपवतोय.

गेल्या आठवड्यात ठमीच्या सासरची मंडळी केक घेऊन आली. मी दोन तुकडे खाल्ले. पूर्वी दोन झाले की दिवस बिघडला म्हणून बाकीचाही संपवायचो. या वेळी दोन खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी चालत कामावर गेलो. सांगण्यासारखं एवढंच. बाकी काही घडत नाही, बाबा. दिवसचे दिवस काही घडत नाही. काटा नाही, सूट नाही, मला कसं कळणार की काही होतंय? नोव्हेंबर तोंडावर आला. तुमचा हात थांबेल याची अजून भीती वाटते. चिमी हे वाचून दाखवणारच आहे, म्हणून सरळ तुम्हालाच लिहितो.

आपला,
थोरला


१ डिसेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि. वि.

लग्नाच्या दिवशी तू ठमीजवळ होतीस. बाबांनी दार लावून घेतलं तेव्हा आत काय झालं हे तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा माणसं आली. आता सांगतो.

बाबांनी सगळे टाके उसवून सूट मूळ मापावर आणून ठेवला होता, ते तुला ठाऊक आहेच, सुई तूच ओवून देत होतीस. मी घातला. कोट पाठीवर बरा बसला, पण बटणापाशी ओढत होता. पँटचं हूक काजापाशी आलं आणि एक बोट अलीकडे थांबलं. श्वास कोंडून बघितलं, तरी एक बोट. सहा महिने चाललो, बसून जेवलो, डबा कपाटावर, आणि शेवटी एक बोट! बाबा म्हणाले, जवळ ये. त्यांचा हात खांद्यावरून पाठीवर आला, पाठीवरून खाली, आणि कमरेपाशी थांबला. वर्षभर ज्याला भ्यायलो ते हेच.

मी एकदम सगळं बोललो, की तुम्ही सांगितलं ते सगळं केलं, एक दिवस चुकवला नाही, तरी तुमचं माप राखता आलं नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं की मला या तिसऱ्या मजल्यावर खुर्चीसकट उचलून कोणी आणलं. मी म्हटलं, लिफ्ट बंद होती, बारक्याने आणि मी. ते म्हणाले, धाकटा धापा टाकत होता, तुझा श्वास मला ऐकूच आला नाही. जानेवारीत आणलं असतंस का? मी म्हटलं, जानेवारीत मी पहिल्या मजल्यावर बसकण मारली असती.

मग त्यांनी मला चांगलं झापलं. पन्नाशीच्या माणसाने तिशीचं माप कशाला मागायचं म्हणाले. अंग बदलणार हे शिंप्याला शिवतानाच ठाऊक असतं, म्हणून तर शिवणीच्या आत कापड राखून ठेवतात, ते शोभेला नसतं. परक्याला सुई लावू देऊ नका म्हटलं होतं, मला आणू नका म्हटलं नव्हतं. वीस वर्षांत एकाने तरी येऊन म्हणायचं, बाबा, सैल करून द्या.

कोटाच्या आतल्या बाजूला त्यांनी दोरा ओवलेली सुई टोचून ठेवली होती. म्हणजे घरून निघतानाच त्यांना माहीत होतं. मी उभा, ते खुर्चीत, आणि चाचपत चाचपत त्यांनी अंगावरच पँट आणि कोट एक-एक बोट सैल करून कच्चे टाके घातले. दोनदा मला टोचलं. हूक लागलं.

पक्की शिलाई आज नाही, म्हणाले. वर्षभर हेच माप टिकलं तर पुढच्या नोव्हेंबरात मीच पक्की करून देईन. घट्ट झालं तर नाही, आणि पुन्हा उपाशी राहून सैल झालं तरी नाही.

बाहेर आलो तर ठमीने विचारलं, डोळे का लाल? सुई टोचली म्हणून सांगितलं. ते खरंच होतं.

तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा बरे नाहीत. आधी ताप आला, मग छाती भरली. डॉक्टर दोनदा येऊन गेले. आता धोका टळला म्हणतात, पण त्यांचं टळला म्हणणं मला फारसं आवडलं नाही.

खाणं सोडलं होतं. मी विनवण्या केल्या, रागावले, उपयोग नाही. चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं. तू बर्फासारख्या वाऱ्यातही चालत गेलास आणि कुत्रा घरातच होता, ते वाचलं. बाबा म्हणाले, ताट आण, एक काम राहिलंय. मी चमच्याने भरवायला लागले तर ऐकेनात, उठवून बसव म्हणाले, जेवण बसून करायचं असतं. डॉक्टरांनी त्यांना सूप सांगितलंय. कोबीचं आहे. तू काही बोलू नकोस.

काल भिंत धरून खोलीच्या दारापर्यंत आले. आज तिथेच थांबले. मी म्हटलं, पुढे चला की. म्हणाले, या महिन्यात दारापर्यंतच.

दादा, रोज विचारतात, थोरला चालतोय ना? म्हणून एक सांगून ठेवते. तू चालायचं सोडलंस असं पत्र कधी आलं, तर आयुष्यात पहिल्यांदा मी ते त्यांना वाचून दाखवणार नाही. ती वेळ माझ्यावर आणू नकोस रे.

तुझी,
चिमी


५ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या कार्यक्रमासाठी सूट पाठवलाय. माझ्या मापाचा आहे, तुला एक बोट सैल होईल. तुझ्या बायकोला सुई लावू देऊ नकोस आणि खांद्यावरून घ्यायचे पट्टे वापर, सोबत घातलेत. कच्चे टाके आहेत, तेव्हा संचालकांनी तीनदा उभं केलं तरी एकदाच वाक.

तू लिहिलंस तुझा गुडघा दुखतो. माझाही दुखायचा, अलीकडे आठवत नाही. तू पोहायला जातोस ते चालू ठेव. नाही आवडलं तर दुसरं काही धर, पण असं काही धर की जे म्हातारपणीही सोडावंसं वाटणार नाही.

परवा एक गंमत झाली. सकाळी धक्क्यावर पोचलो, खिडकी उघडली आणि एकदम मनात आलं की ठमीचं लग्न होऊन वर्ष होत आलं, आता मला चालत यायचं काही कारणच नाही. पण हे आठवेपर्यंत मी पोचलो होतो. बिस्किटाच्या डब्यात बघितलं तर वरची दोन मऊ पडलेली. कुणी खाल्ली नव्हती.

सूट घालून बघितला. ओढत नाही, लोंबत नाही. सूट छान बसला, बारक्या. या वेळी खरंच.

तुझा,
दादा


१४ नोव्हेंबर

चि. थोरल्यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. (लिहिते मी, चिमी.)

वर्ष झालं. सूट घेऊन ये. पार्सलने नको, अंगात घालून ये, मला माप बघायचंय. आमचा जिना आता मी कठडा धरून उतरतो, तेव्हा तुला घ्यायला खाली येईन. चिमी नको म्हणते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

येताना धाकट्यालाही आण. उसवायला एक जण लागेल.

एक मात्र आधीच सांगतो. कोट आणि पँट दोन्ही एका वर्षात होणार नाही. आपलं ठरलंय, एका वेळी एकच गोष्ट. या नोव्हेंबरात पँट पक्की करीन. कोटाला पुढच्या वर्षापर्यंत कच्चा टाका राहू दे. तू चालत राहा, मी आहे.

(सकाळपासून चार वेळा विचारलं, सुई ओवलीस का. ओवली आहे. या लवकर. — चिमी)